अलकापुरीतलं लेझर, तीन सिटिंग, ७०,८०० रुपये आणि त्यानंतरची ट्यूब

हे लिहू की नको यातच चार महिने गेले. शेवटी लिहितेय कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा मराठीत एकाही बाईनं लिहिलेलं मला सापडलं नाही. जे होतं ते सगळं क्लिनिकवाल्यांचंच, हसणाऱ्या बायकांचे फोटो आणि खाली फोन नंबर. विषय मेनोपॉजनंतर खालच्या जागेला होणारी आग, कोरडेपणा आणि त्यावर लेझर. ज्यांना वाचायला अवघड वाटेल त्यांनी सोडून द्या, पण ज्यांना होतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, माझी कळकळीची विनंती आहे.

मी बडोद्याचीच, माहेर दांडिया बाजारात, सासर मांडवीत, आता वीसेक वर्षं गोत्रीकडे राहतो. वय ५५. सगळी नोकरी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेली. पाळी ४९व्या वर्षी गेली, म्हणजे शेवटची आली आणि त्यानंतर सलग बारा महिने आली नाही तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता मेनोपॉज झाला. आपल्याकडच्या बायकांची सरासरी ४६-४७ धरतात म्हणजे माझी थोडी उशिराच. दोन वर्षं अंगातून वाफा, रात्री घाम, पंखा पाचवर आणि हे बिचारे चादर ओढून झोपलेले, ते सगळं हळूहळू कमी झालं आणि मला वाटलं सुटले एकदाची. तर सुटले कुठली, खरा त्रास त्याच्यानंतर सुरू झाला. वाफा बऱ्याच जणींच्या काही वर्षांनी ओसरतात पण हा खालचा कोरडेपणा आपणहून जात नाही, उपाय केला नाही तर वाढतच जातो, हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

त्रास काय तर सलवारची शिवण टोचायची. ऍक्टिवावर बसून रावपुऱ्यापर्यंत गेलं की उतरताना चेहरा बदलायचा. लघवीला आग, मग सारखं जावंसं वाटणं, वर्षात तीनदा इन्फेक्शन, तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स. मुंबईला मुलीकडे जायचं तर पाच तासांच्या गाडीत मी आधी बाथरूमजवळची सीट बघायचे. आणि संबंध, ते तर बंदच झाले होते, ब्लेडनं कापल्यासारखं दुखायचं. ह्यांना वाटायचं मी टाळतेय, मला वाटायचं ह्यांना कळतच नाही, आणि दोघंही त्यावर एक शब्द बोलत नव्हतो. नवरात्रीत बडोद्यात राहून गरबा न खेळणं म्हणजे काय ते इथल्या बाईलाच कळेल, मी दोन वर्षं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यात मी घरच्या घरी डेटॉलच्या पाण्यानं धूत होते, स्वच्छ ठेवलं की बरं वाटेल म्हणून. ते सर्वात चुकीचं होतं, त्यानं आग आणखी वाढते, हे पुढे कळलं.

आता क्लिनिकबद्दल. नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये. अलकापुरीत आहे, काचेचं, एसी, आत गेलं की मोगऱ्यासारखा वास. त्यांचं पॅम्फ्लेट पेपरातून आलं होतं. 'विना ऑपरेशन, विना हॉर्मोन, फक्त दहा मिनिटं, यूएस एफडीए अप्रूव्ह्ड' (एफडीए म्हणजे औषधं आणि मशीनना परवानगी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था). यातलं 'विना हॉर्मोन' वाचून मी फोन केला हे कबूल करते, कारण माझ्या मावसबहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता आणि हॉर्मोन हा शब्द ऐकला तरी मला धडकी भरायची.

चांगलं आधी सांगते. स्टाफ सगळा बायकांचा. स्वच्छता एकदम व्यवस्थित, प्रत्येक वेळी नवीन चादर, नवीन गाऊन, दार आतून बंद. रिसेप्शनवरची मुलगी 'आवो बेन, बेसो' म्हणून पाणी द्यायची आणि माझं काम काय आहे ते चारचौघांत कधी मोठ्यानं बोलली नाही. या गोष्टी छोट्या नाहीत, अशा जागी बाई किती धीर गोळा करून जाते ते माहीत असणाऱ्यांनीच हे शिकवलं असणार.

पण कन्सल्टेशन. मॅडमनी दहा मिनिटं दिली. मी आग, कोरडेपणा, लघवीचं इन्फेक्शन सगळं सांगितलं, घरून कागदावर लिहून नेलं होतं कारण तोंडातून निघेल की नाही याची खात्री नव्हती. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि टॅबवर फोटो दाखवायला लागल्या, आधीचे आणि नंतरचे. म्हणाल्या टाइटनिंग पण होईल, तारुण्य परत येईल, मिस्टर पण खूश. मी म्हटलं मॅडम मला टाइट नको, मला जळजळ होते ती थांबवा. तर म्हणाल्या ती तर जाईलच, तो बोनस आहे. तो शब्द मला अजून लागतो. जी गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती ती त्यांच्या हिशोबात बोनस होती. याआधी काही क्रीम वापरली का, मॉइश्चरायझर लावता का, शुगर आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, मात्र करून घेतली, त्याचे मार्क मी देते.

पैसे. एका सिटिंगचे २२,०००, तीनचं पॅकेज ६०,०००, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे एकूण ७०,८००. मी विचारलं डॉक्टरच्या ट्रीटमेंटवर जीएसटी कसा, तर बिल बघा म्हणाल्या. बिलावर लिहिलं होतं 'इंटिमेट रिजुवनेशन, कॉस्मेटिक प्रोसिजर'. म्हणजे आजारावरच्या उपचाराला टॅक्स नसतो पण हे सौंदर्यात धरलेलं. साहजिकच मेडिक्लेमवाल्यांनी पहिल्याच फोनवर नाही म्हणून सांगितलं. मैत्रिणींनो, तुम्ही कुठेही जाल तर पैसे भरायच्या आधी बिलावर काय लिहिणार ते विचारा, त्या एका ओळीवरून समोरचा तुमच्या त्रासाकडे काय म्हणून बघतोय ते कळतं.

लेझर कसं असतं ते नीट सांगते कारण भीती त्याचीच असते. मशीन कार्बन डायॉक्साइडचं, फ्रॅक्शनल म्हणतात, म्हणजे सगळी त्वचा भाजत नाही, बारीक बारीक ठिपक्यांसारखे भाजतं आणि मधली जागा तशीच सोडतं. कल्पना अशी की त्या ठिपक्यांना भरून काढताना शरीर नवीन कोलाजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार करेल आणि पातळ झालेलं अस्तर जाड होईल. आधी बाहेरच्या भागाला सुन्न करायचं क्रीम लावून वीस मिनिटं झोपवून ठेवतात. मग मला पण आणि त्यांना पण डोळ्यांवर हिरवट चष्मे. अंगठ्यापेक्षा जरा जाड अशी एक गुळगुळीत नळी आत घालतात, मॅडम ती थोडी फिरवतात, टक् असा आवाज, थोडी बाहेर ओढतात, परत फिरवतात, टक्. आत दुखत नाही, फक्त गरम टोचल्यासारखं कळतं. तोंडाशी आल्यावर मात्र चटका बसतो आणि बाहेरच्या भागावर मारतात तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो, तो मला तीनही वेळा आला आणि मी पंख्याकडे बघत अथर्वशीर्ष म्हणत होते. खरंच दहा मिनिटांत उठवतात. नंतर दोन-तीन दिवस पाण्यासारखं अंगावरून जातं, किंचित लाल डाग, आणि आठवडाभर संबंध नाही, पोहणं नाही. घरी लावायला हायल्युरॉनिक ऍसिडचं, ओलावा टिकवणारं एक जेल दिलं, रात्रीचं एक दिवसाआड.

पहिलं सिटिंग जूनमध्ये, दुसरं जुलैच्या शेवटी, तिसरं सप्टेंबरला, नवरात्रीच्या आधी आटपायचं म्हणून मीच घाई केली. पहिल्यानंतर तीन आठवड्यांत मला खरंच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. शिवण टोचणं कमी झालं, मी वहिनीला फोन करून सांगितलं की पैसे वसूल झाले. दुसऱ्यानंतर तेवढंच राहिलं, वाढलं नाही. तिसऱ्यानंतर दहा दिवस आग, नेहमीपेक्षा वेगळी, बसायला उशी लागायची. फोन केला तर रिसेप्शनवरून निरोप आला, बेन, ए तो नॉर्मल छे, बर्फ लगाडो. मॅडम स्वतः बोलल्या नाहीत, बोलवून बघितलंही नाही. त्या नवरात्रीतही मी खुर्चीवरच होते. आग नंतर गेली पण दिवाळीपर्यंत सगळं जुनं परत जिथल्या तिथे, आणि जेल संपल्यावर जास्तच. जानेवारीत परत लघवीचं इन्फेक्शन. क्लिनिकमध्ये गेले तर म्हणाल्या वर्षाला एक मेंटेनन्स सिटिंग घ्यावंच लागतं, जुन्या पेशंटला डिस्काउंट देऊ.

तेव्हा मला राग आला. माझी सगळी नोकरी लोकांना जर्नल शोधून देण्यात गेली आणि स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मी एक पॅम्फ्लेट वाचून सत्तर हजार दिले. दोन दिवस बसून वाचलं. जे कळलं ते साध्या भाषेत सांगते.

या त्रासाला नाव आहे. आधी नुसतं 'ऍट्रॉफी' म्हणायचे, २०१४ मध्ये ते बदलून जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज केलं, जीएसएम, कारण योनीमार्ग, बाहेरची त्वचा आणि लघवीची जागा तिन्हीवर एकदम परिणाम होतो. म्हणजे माझं लघवीचं इन्फेक्शन आणि माझी आग हे दोन वेगळे आजार नव्हतेच, मी मात्र एकासाठी फिजिशियनकडे जात होते आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसत होते. कारण एकच, इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झालं. त्याच्यामुळे अस्तर पातळ होतं, पेशींमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होतं, त्यावर जगणारे चांगले जिवाणू कमी होतात, आंबटपणा जातो आणि मग नको ते जंतू तिथे घर करतात.

आता एफडीए. २०१८च्या जुलैत अमेरिकेच्या त्याच एफडीएनं जाहीर इशारा दिला होता की 'व्हजायनल रिजुवनेशन'च्या नावानं, मेनोपॉजच्या त्रासासाठी किंवा लघवी सुटण्यासाठी ही लेझर आणि तसली मशीन वापरणं सुरक्षित आणि उपयोगी आहे हे सिद्ध झालेलं नाही, भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, कायमचं दुखणं मागे लागणं असे प्रकार होऊ शकतात, आणि सात कंपन्यांना पत्रं पाठवली. मग अप्रूव्ह्ड कसं लिहितात? तर मशीनला परवानगी आहे पण दुसऱ्या कामांसाठी, चामखिळीसारख्या गाठी जाळणं, कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेतला खराब भाग काढणं वगैरे. माझ्या त्रासासाठी नाही. पॅम्फ्लेटवर पहिला भाग छापला आणि दुसरा सोडून दिला.

आणि एक अभ्यास, तो वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. ऑस्ट्रेलियात सिडनीत केलेला, २०२१ मध्ये जामा या अमेरिकेतल्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापला. ८५ बायका, अर्ध्यांना खरं लेझर, अर्ध्यांना तीच नळी तशीच आत घालून नावापुरतं, कुणाला काय मिळालं ते बायकांना माहीत नाही. तीन सिटिंग, अगदी माझ्यासारखी. वर्षभरानंतर बघितलं तर दोन्ही गटांत फरक नाही. थोडं बरं दोन्हीकडच्या बायकांना वाटलं, खोट्या लेझरवाल्यांना सुद्धा. म्हणजे मला पहिल्या महिन्यात जे बरं वाटलं ते मी मनानं रचलं असं मी म्हणणार नाही, बरं वाटलंच होतं, पण त्याच महिन्यात मी डेटॉल बंद केलं होतं आणि जेल लावत होते. या दोन गोष्टींची किंमत सत्तर हजार नाही. आधीच्या काही अभ्यासांत लेझरनं फायदा दिसला होता हेही खरं, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तुलना करायला खोट्या लेझरचा गट नव्हताच, फक्त आधी विचारलं आणि नंतर विचारलं. कुठले उपचार वापरावेत ते सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं की या त्रासासाठी योनीमार्गातलं लेझर फक्त संशोधनातच वापरा. संशोधनात. आणि इथे लंच टाइममध्ये.

फेब्रुवारीत वहिनीनं रावपुऱ्याकडच्या एका जुन्या डॉक्टरबेनचं नाव दिलं, तिच्या बाळंतपणाच्या. काचेचं काही नाही, लाकडी बाकडं, दोन तास बसावं लागलं. पण आत गेल्यावर त्यांनी माझा तोच कागद पूर्ण वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग तपासताना बाजूच्या टेबलावरून एक छोटी पिवळी पट्टी घेतली, आतल्या भिंतीला लावली आणि दिव्याखाली मला दाखवली, हिरवी झाली होती. डबीवरच्या रंगांशी लावून म्हणाल्या बघा, पीएच सहाच्या वर, हे आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी. पाळी असताना साडेचारच्या आत असतो, आंबट, म्हणून इन्फेक्शन होत नाही. तुमचा आंबटपणा गेलाय, तो परत आणायचा, बस. दोन मिनिटांत मला सगळं कळलं. बाहेरची त्वचाही टॉर्च लावून बघितली, पांढरे चट्टे आहेत का, कारण लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार पण अशीच खाज आणि आग देतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. शुगर करून घेतली. हे सगळं लेझरच्या आधी व्हायला हवं होतं.

औषध दिलं ते एस्ट्रिऑलचं, म्हणजे सौम्य प्रकारच्या इस्ट्रोजेनचं क्रीम, ट्यूब आणि सोबत खुणा केलेला प्लॅस्टिकचा पिचकारीसारखा ऍप्लिकेटर. मी लगेच म्हटलं डॉक्टरबेन मला हॉर्मोन नको, बहिणीला कॅन्सर झालाय. त्या रागावल्या नाहीत. समजावलं की गोळी पोटात जाते आणि सगळ्या अंगात फिरते, हे जिथे लावलं तिथेच काम करतं, रक्तात फार थोडं जातं, मेनोपॉजनंतरच्या नॉर्मल पातळीतच राहतं. ट्यूबच्या खोक्यातला कागद वाचून घाबराल, त्यावर गोळ्यांचे पण सगळे धोके छापलेले असतात, घाबरलात तर मला फोन करा पण बंद करू नका. बहिणीला झाला म्हणून तुम्हाला बंदी नाही, ज्या बाईला स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालाय तिनं मात्र आधी साधं मॉइश्चरायझर वापरायचं आणि हे क्रीम तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. आणि पाळी गेल्यानंतर कधीही रक्त दिसलं, एक थेंब सुद्धा, तर क्रीममुळे असेल म्हणून घरी बसायचं नाही, लगेच यायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मी पण इथे लिहितेय.

लावायची पद्धत, रात्री झोपताना, पहिल्या खुणेपर्यंत भरायचं, आडवं होऊन आत. बोटानं थोडंसं बाहेर, लघवीच्या जागेच्या आसपास पण. पहिले तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, माझे मंगळवार आणि शुक्रवार ठरले. पहिले चार-पाच दिवस जरा चुणचुण झाली, पातळ त्वचेला होते म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी ऍक्टिवावरून उतरले आणि पायऱ्या चढून वर पोचल्यावर लक्षात आलं की मी उतरताना थांबलेच नाही. दोन महिन्यांनी परत तीच पट्टी लावली, आता पिवळी राहिली. फेब्रुवारीपासून आजपर्यंत लघवीचं एकही इन्फेक्शन नाही. ट्यूब काही शे रुपयांत येते आणि मला दोन-अडीच महिने पुरते. बंद केलं तर त्रास परत येतो हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, तर हे चालूच राहणार.

संबंधांचं पण लिहिते, नाहीतर अर्धवट राहील. ते लगेच झालं नाही. शरीर बरं झालं तरी दुखेल ही भीती आत बसलेली असते, आपोआप आखडून घ्यायला होतं. डॉक्टरबेननी ह्यांनाही बोलावलं आणि माझ्यासमोर समजावलं की ही टाळत नव्हती, हिला जखम होती. हे गाडीत बसल्यावर म्हणाले, मला सांगायचंस ना गं. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही त्या विषयावर पहिल्यांदा बोललो ते गेंडीगेटच्या सिग्नलला. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, ते वापरतो, घाई करत नाही.

आता मार्क. अलकापुरीच्या क्लिनिकला पाचपैकी दोन, दोन्ही स्वच्छता आणि मुलींच्या वागण्याचे. कन्सल्टेशनला शून्य. मशीन चुकीचं वापरलं असं माझं म्हणणं नाही, व्यवस्थित वापरलं, पण जे औषध माझ्यासाठी पहिलं असायला हवं होतं त्याचं नावही घेतलं नाही. मी त्यांना पत्र लिहून कळवलंय की पॅम्फ्लेटवरचं एफडीए काढा आणि प्रत्येक बाईला आधी क्रीम आणि मॉइश्चरायझर वापरलंत का ते विचारा. उत्तर आलेलं नाही, डिस्काउंटचे मेसेज मात्र येतात. ज्यांना क्रीम चालतच नाही आणि कशानेच फरक पडत नाही अशा कुणी लेझरचा विचार करत असाल तर मी कोण नाही म्हणणारी, पण तपासणी पूर्ण करून घ्या, लायकेन आणि शुगर बघून घ्या, खोट्या लेझरच्या तुलनेतले आकडे डॉक्टरांना तोंडावर विचारा, आणि नंतर आग झाली तर कोण बघणार त्यांचं नाव लिहून घ्या. डॉक्टरबेनना पाच, दोन तासांच्या बाकड्यासकट.

वहिनी साठ वर्षांची आहे. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, मेथीच्या काड्या मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, मला तर आठ वर्षं होतंय, मला वाटलं म्हातारपण. तिनं मला डॉक्टरबेनचं नाव दिलं आणि स्वतःसाठी कधी गेली नाही. सोमवारी अकराची वेळ घेतलीय. मी बरोबर जातेय, कागद तिचा मी लिहून दिलाय.